बिन कार्डापासून आरपीएमपर्यंत

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना आपण यंत्रांबद्दल भरभरून बोलतो, चिठ्ठ्यांबद्दल बोलत नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आता पेनिसिलिनची पांढरी पूड नुसती बघून काय कळणार? म्हणून बाटलीवर बॅच नंबर आणि मुदत. पुढे टेल्को आली, बजाज आली, भोसरीच्या वर्कशॉपांतून पार्ट जाऊ लागले. स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला बिन कार्ड: पार्ट नंबर, आले किती, गेले किती, शिल्लक किती. आज चाकणला हे काम बारकोड करतो.

लिनक्सच्या जगात ही चिठ्ठी १९९४-९५च्या सुमारास आली. डेबियनचं डीपीकेजी, रेड हॅटचं आरपीएम. त्याआधी कुठली फाईल कुठल्या प्रोग्रॅमची, हे बसवणाऱ्याच्या डोक्यात! आरपीएमला 'क्यू' आणि 'आय' ही अक्षरं जोडून पॅकेजचं नाव टाइप केलं की आवृत्ती, परवाना, बांधणीची तारीख, सही, वर्णन असं सगळं पडद्यावर हजर. मोठं 'व्ही' वापरलं तर बसवलेल्या फायली मूळ नोंदीशी ताडून मिळतात.

वात्स्यायनाने न्यायभाष्यात शास्त्राच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: उद्देश, लक्षण, परीक्षा. नाव घ्या, वेगळेपण सांगा, मग ते लक्षण बसतं का ते तपासा. आरपीएममध्ये पहिल्या दोन चोख आहेत. तिसरी 'व्ही'ने होते असं वाटतं. ती होत नाही.

एक्सझेड नावाचं, फायली आवळून लहान करणारं एक पॅकेज आहे. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट असल्याचं २९ मार्च २०२४ रोजी उघड झालं. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनएक वर्षं नीट काम करून विश्वास कमावला, देखभालीचे हक्क मिळवले आणि मग ती घुसवली. काही लिनक्स वितरणांच्या चाचणी शाखांत ती पोचलीही. तिथे कुणी माहिती विचारली असती तर नाव बरोबर, सही बरोबर, फायली नोंदीबरहुकूम! नोंदणाऱ्याच्या हाती मालच तसा आला होता. नैयायिक याला शब्दप्रमाण म्हणतील, आणि लगेच विचारतील, सांगणारा आप्त आहे का?

पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढीच त्याची शंका. लेथवरचा जुना कारागीर आवाज बदलला की हात थांबवतो ना, अगदी तसं. पुढचे दिवस त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला.

मग चिठ्ठी फुकट गेली का? छे! बातमी फुटल्यावर सगळ्यांना पहिली सूचना हीच होती: आपल्या मशीनला विचारा, एक्सझेडची आवृत्ती कुठली? त्या दोहोंपैकी निघाली, तर ताबडतोब मागच्या आवृत्तीवर जा.