वाळूचा खड्डा आणि ओव्याची खळी

मुलगा ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टेलव्हेनमध्ये राहतो. तिकडे मराठी घरं बरीच आहेत. आम्ही गेलो की नातीला खेळायला नेण्याचं काम माझ्याकडे. तिला घसरगुंडीपेक्षा वाळू प्यारी. ती वाळूत बसते, मी काठावर, आणि काठावर बसलेल्या माणसाला विचार करायला भरपूर वेळ असतो.

या वाळूच्या खड्ड्यांना इतिहास आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातलं ॲमस्टरडॅम उपाशी होतं. जळणही नव्हतं. ज्यूंना पकडून नेल्यामुळे त्यांची घरं रिकामी पडली होती. लोकांनी त्यांतल्या तुळया-फळ्या काढून जाळल्या आणि घरं कोसळली. युद्ध संपलं तेव्हा शहरात जागोजाग मोकळ्या फटी होत्या. नगररचना खात्यात याकोबा मुल्डर नावाच्या बाई होत्या आणि आल्डो फान आइक हा तरुण वास्तुरचनाकार. १९४७ साली बर्टेलमनप्लाइन या छोट्या चौकात त्याने पहिलं खेळांगण केलं: रुंद काँक्रीटच्या कडेचा वाळूचा खड्डा आणि कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या. तो हत्ती-घोडे ठेवत नसे. दांडीचं काय करायचं ते पोरांनीच ठरवायचं.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. लोक पालिकेला पत्रं लिहू लागले, आमच्या गल्लीतही जागा पडून आहे म्हणून. खात्याचा माणूस येऊन जागा पाही. डाइकस्ट्राटमध्ये दोन घरांमधली पडीक जागा १९५४ साली अशीच मुलांची झाली. १९७८पर्यंत अशी सातशेहून अधिक खेळांगणं झाली.

माझं लहानपण खारघरजवळच्या ओवे गावात गेलं. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. कापणी उरकली, झोडणी झाली की खळी मोकळी व्हायची, आणि सारवलेल्या खळ्यावर लगोरी, बाजूच्या शेतात विटीदांडू, संध्याकाळी मोठ्यांची कबड्डी. ढेकळांत पडून गुडघे फुटायचे. खेळायला जागा मागावी लागते, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

१९७०नंतर नव्या मुंबईसाठी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यांत आमचीही शेतं. १९८४च्या जानेवारीत जासई-पागोट्याला जमिनींसाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच माणसं गेली. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचं धोरण आलं. भाव, भूखंड, नोकऱ्या यांवर घराघरांत रात्र-रात्र बोलणं व्हायचं; खळ्यांबद्दल कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. शेताचा सात-बारा होता, पोरांच्या खेळाचा नव्हता.

जवळच खारघरचं सेंट्रल पार्क झालं, २०१० साली खुलं झालं. चांगलं आहे, मीही तिथे फिरतो. पण चार वर्षांच्या पोराला ते रस्ता ओलांडून, कुणाचा तरी हात धरून, सवड असेल तेव्हाच मिळतं. मुलांना रोज लागतं ते आजीच्या हाकेच्या अंतरावरचं. फान आइकला हे कळलं होतं. आपल्या नियोजनकारांना मोठ्या उद्यानाची फीत कापायला जास्त आवडते, असं माझं मत. दाटीवाटीच्या गावठाणात तर गाड्या उभ्या करायला जागा सापडते, वाळूला सापडत नाही.

गावठाणात मोकळे कोपरे अजून आहेत. देवळामागे, पाण्याच्या टाकीखाली, दोन इमारतींच्या मधे. २०१६पासून आपल्याला स्वतःची पनवेल महानगरपालिका आहे. तेव्हा आजी-आजोबांनो, गल्लीतला असा एक कोपरा हेरा, त्याचा फोटो काढा आणि प्रभाग कार्यालयात अर्ज द्या. मागणी एवढीच लिहा: वाळू, बसायला रुंद कठडा आणि लोंबकळायला एक दांडी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.