चामुंडीवरून दोन समुद्रांकडे

जुलै महिना आहे. म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर, त्या अखंड दगडातल्या नंदीपाशी तुम्ही उभे आहात. वारा पश्चिमेचा आहे. कोडगू आणि वायनाडच्या डोंगरांवर तो बहुतेक पाऊस सांडून आलाय, म्हणून इथे नुसती भुरभुर. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. वाऱ्याच्या उलट दिशेने निघा आणि वर्षंही मागे जाऊ द्या.

जुलै १९९५. पायांखालचा दगड जाऊन डेक आला आहे आणि तो हलतो आहे. ‘सागर कन्या’ हे भारताचं संशोधन जहाज ६४ अंश पूर्व रेखावृत्तावर भर मोसमी पावसात डोलतं आहे. कठडा सोडू नका. ज्या दिवसांत मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्याच दिवसांत ही माणसं मुद्दाम इथे आली आहेत. त्यांना समुद्राच्या पृष्ठभागावरचा कार्बन डायऑक्साइड मोजायचा आहे, आणि या समुद्राचं खरं रूप याच महिन्यांत उघडं पडतं.

पाण्याच्या उभ्या बाटल्यांचं कडं तारेवरून वर येतं. एक नमुना तुम्हीच भरा. नळी काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवा, पाणी हळूहळू चढू द्या, काठावरून बराच वेळ वाहू द्या. बुडबुडा राहिला तर नमुना वाया गेला. मग मर्क्युरिक क्लोराइडचा थेंब टाका. हे विष आहे, जपून. त्याने पाण्यातले सूक्ष्मजीव मरतात. नाहीतर बंद बाटलीत ते श्वास घेत राहतील आणि आकडा बदलत राहील.

पाणी हाताला अपेक्षेपेक्षा गार लागेल. पश्चिमेला ओमानच्या किनाऱ्याजवळ तर ते आणखी गार आहे. तिथे नैर्ऋत्येचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि खोलातलं पाणी वर येतं. आता एक कोडं पाहा. पाणी एक अंशाने तापलं की त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे सव्वाचार टक्क्यांनी वाढतो. म्हणजे गार पाण्यात तो कमी भरायला हवा. पण हे पाणी अंधारातून आलं आहे. वरून मरून पडलेले असंख्य जीव तिथे कुजले आणि त्यांचा कार्बन पाण्यात विरघळला. वर येऊन ते तापतं तेव्हा हा जुना साठा हवेत सुटतो. याच पावसाळ्यात ओमानजवळ ६०० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरच्या वरचे दाब नोंदले गेले, हवेत तेव्हा सुमारे ३६० होता.

याच वर्षाच्या फेब्रुवारीत डोकावलात तर समुद्र शांत दिसेल. उत्तरेकडे कोरडा गार वारा वरचं पाणी थंड करतो, ते जड होऊन खाली बुडतं, खालचं वर मिसळतं. दाब तरीही हवेपेक्षा जास्तच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या व्ही. व्ही. एस. एस. सर्मा, एम. दिलीप कुमार आणि सहकाऱ्यांनी हे सगळे ऋतू जोडून १९९८ साली लिहिलं, की मध्य आणि पूर्व अरबी समुद्र बारमाही कार्बन डायऑक्साइड हवेला देतो. माझ्या मते आपल्या किनाऱ्याबद्दल कळलेल्या मोठ्या गोष्टींपैकी ही एक, आणि शाळेच्या पुस्तकात ती असायला हवी.

आणखी मागे चला, वीस हजार वर्षं. समुद्राची पातळी सव्वाशे मीटरच्या आसपास खाली आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा दुबळा, म्हणून खालून पाणीही फारसं वर येत नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम १९० आहे. तळाशी बसत चाललेल्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांतला बोरॉन पाण्याची आम्लता नोंदवून ठेवतो. याच कवचांवरून आपण आज त्या काळच्या पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब मांडतो.

आता परत म्हैसूरला या, आणि पूर्वेकडे पाहा. अरबी समुद्राची वाफ तलकावेरीला पाऊस होऊन पडते, नदी होऊन कृष्णराजसागरातून, श्रीरंगपट्टणावरून जाते, आणि पोचते ती बंगालच्या उपसागराला. वाटेत पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड दगड झिजवतो आणि बायकार्बोनेट होऊन नदीबरोबर जातो. त्या उपसागरावर मोठ्या नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर पसरतो. त्यामुळे खालचं पाणी वर यायचं अडतं, आणि काही भागांत, काही महिन्यांत पृष्ठभागाचा दाब हवेपेक्षा कमी राहतो. एकाच द्वीपकल्पाच्या दोन बाजू, एकाच पावसाचं पाणी, आणि इतका फरक.

तुमच्या आजच्या हवेत हा वायू ४२० च्या पुढे गेला आहे. १९९५ मध्ये पाण्यात ४०० आकडा मिळाला, तर समुद्र देत होता. आज तोच मिळाला तर तो घेतो आहे. पण पाण्यातला आकडाही जागच्या जागी राहिलेला नाही. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा जगभरचे समुद्र पोटात घेत आले आहेत. अरबी समुद्र आता किती देतो हे जाणून घ्यायचं, तर त्याच ६४ अंशांच्या रेषेवर, त्याच खवळलेल्या जुलैत जहाज पुन्हा पुन्हा न्यावं लागेल. ते जावं, आणि त्यावर म्हैसूरची, मालवणची, कारवारची मुलं असावीत, असं मला मनापासून वाटतं.