शेगडीची हवा आणि घराच्या फटी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
युरोप व अमेरिकेच्या थंड प्रदेशांत घर उबदार ठेवणाऱ्या, धुराडे असलेल्या लाकडाच्या शेगडीचा इतिहास बहुधा तिच्या रचनेपुरता मर्यादित राहतो. तथापि, ज्वलनासाठी लागणारी हवा कोठून येत होती, या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहिल्यास तो घराच्या बांधणीचाही इतिहास ठरतो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

फटींतून येणारी हवा :
एक किलो कोरडे लाकूड पूर्णपणे जळण्यास तत्त्वतः सुमारे ५ घनमीटर हवा लागते. प्रत्यक्षात त्याहून अधिक. जुन्या घरांत ती दारे-खिडक्यांच्या फटींतून विनासायास येत असे. मात्र तिच्यासोबत थंडीही येई. निकोला गोजे यांनी १७१३ च्या फ्रेंच ग्रंथात बाहेरची हवा शेकोटीमागील पोकळ मार्गांतून तापवून खोलीत सोडण्याची योजना मांडली. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या १७४४ च्या पुस्तिकेतील शेगडीतही हेच तत्त्व आढळते. पुढे १७८५ मध्ये यान इंगेनहाउस यांना लिहिलेल्या पत्रात फ्रँकलिन यांनी खोलीत धूर कोंडण्याच्या कारणांत हवेच्या अभावाला पहिले स्थान दिले. नव्या घरांची बांधणी जितकी घट्ट, तितकी ही अडचण अधिक, हे त्यांनी नोंदविले. दार किती उघडे ठेवल्यास धूर थांबतो हे पाहून तेवढी फट मोजावी, असा प्रयोगही त्यांनी सुचविला.

फटी बुजल्यानंतर :
१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीसाठी हवाबंद घरांकडे लक्ष वळले. कॅनडातील रिजायना येथील १९७७ चे ‘सस्कॅचवन कॉन्झर्वेशन हाऊस’ आणि जर्मनीतील डार्मश्टाट येथील १९९१ चे ‘पॅसिव्ह हाऊस’ या दोन्हींत उष्णता वाचविणारी यांत्रिक वायुवीजन व्यवस्था होती. अशा प्रकारच्या घरात आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर टाकली जाणारी हवा अधिक झाल्यास आतील दाब घटतो. विस्तव मंदावला असता धुराड्याची ओढ क्षीण असते. तेव्हा धूर व गंधहीन, प्राणघातक कार्बन मोनॉक्साइड खोलीत उलटू शकतो. म्हणूनच जर्मनीत दाबातील ही घट ४ पास्कलपर्यंत मर्यादित ठेवण्याचा दंडक रूढ झाला. शेगडीला बाहेरून स्वतंत्र नळीने हवा देणे, हा दुसरा उपाय होय. मात्र केवळ नळी पुरेशी नसते. शेगडीचे दार व सांधेही हवाबंद असावे लागतात.

निष्कर्ष :
फटी या केवळ उष्णतेची गळती नव्हत्या. विस्तवाला हवा पुरविण्याचे कार्यही त्या करीत होत्या. फ्रँकलिन यांनी हे दोन शतकांपूर्वीच ओळखले होते. फटी बुजविणाऱ्याने त्यांचे कार्य अन्य मार्गाने पूर्ण करणे क्रमप्राप्त ठरते; अन्यथा इंधनाच्या बचतीची किंमत घरातील माणसांना मोजावी लागते.