एनसीएए पात्रता
एनसीएए ही अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची प्रमुख नियामक संस्था. तिच्या पहिल्या विभागात महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापासूनच खेळायचे तर परदेशी खेळाडूलाही नववी ते बारावीत इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे अशा विषयांचे १६ मूलभूत अभ्यासक्रम आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. सॅट-एसीटी या प्रवेशपरीक्षांची सक्ती २०२३ मध्ये उठली. परदेशी गुणांचे मूल्यमापन एनसीएएचे पात्रता केंद्र देशवार निकषांनी करते. खरी जाचक अट मुदतीची : शालेय शिक्षण वेळेत संपले नाही, तर नंतर केलेले अभ्यासक्रम बहुतांशी धरले जात नाहीत. स्पर्धांसाठी वर्ष सोडणाऱ्या खेळाडूंना हीच सर्वाधिक भोवते. महाराष्ट्रातील मुलांनी दहावी-बारावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिकांसोबत नववी आणि अकरावीचे निकालही जपावेत. मराठीतील कागदपत्रांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.