अंतःकंकाल, बाह्यकंकाल आणि मांगलीचे खडक

तिरोडा तालुक्यातील धानाच्या बांधीत सापडणारा खेकडा आणि तळ्यातील कासव या दोहोंनाही आपण ‘कवच’ असल्याचे म्हणतो. जे रक्षण करते ते कवच, एवढाच या शब्दाचा आशय असल्याने भाषेच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही दोन कवचे भिन्न कुळींची आहेत. कासवाच्या पाठीत त्याचे मणके व फासळ्या एकजीव झालेल्या असतात. म्हणजे ती अंतःकंकालाचाच भाग होय, आणि शरीराबरोबर वाढते. खेकड्याचे कवच हा त्वचेने स्रवलेला, कायटिन व चुना यांचा बाह्यकंकाल होय. तो वाढत नाही. म्हणून खेकड्याला तो वेळोवेळी टाकावा लागतो.

हा भेद शास्त्रात सहजासहजी स्थिरावला नाही. लामार्कने १८०१ च्या ग्रंथात अपृष्ठवंशी प्राण्यांचा स्वतंत्र विचार केला. पुढे जोफ्र्वा सँतिलेर याने कीटकाची वलये म्हणजे मणकेच होत, कीटक आपल्या मणक्यांच्या आत राहतो एवढेच, असे प्रतिपादन केले. सर्व प्राण्यांची रचना एकाच आराखड्यावर झाली आहे, या त्याच्या मताला क्यूव्हिएने १८३० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत कडाडून विरोध केला.

या वादानंतर अवघ्या पाव शतकात विदर्भाचा या शास्त्राशी संबंध आला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथील खडकांतून जीवाश्म गोळा केले. त्यांतील एका उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने प्रसिद्ध केले. पृष्ठवंशी कंकालाच्या मूळ आराखड्यावर १८४८ मध्ये ग्रंथ लिहिणारे ओवेन ते हेच. त्याच खडकांतील इवल्या शिंपल्यांना रूपर्ट जोन्स यांनी १८६२ मध्ये ‘एस्थेरिया मांगलिएन्सिस’ हे नाव दिले.

हे शिंपले दिसावयास कालवासारखे. या गणातील इतर जीवाश्मांची गणना पूर्वी मृदुकाय प्राण्यांत होतही असे. वस्तुतः हा प्राणी खेकड्याचा दूरचा आप्त. कात टाकतानाही तो वरची शिंपली टाकीत नाही. जुनीच्या खाली नवी धरतो, आणि प्रत्येक वेळी कडेला एक रेषा उमटते. शिंपल्यावरील रेषा मोजणे म्हणजे त्याच्या काती मोजणे होय.

मांगलीने अशा रीतीने दोन्ही प्रकारचे कंकाल एकाच ठिकाणी जपले. त्यांवरून परिभाषेसंबंधी एक गोष्ट लक्षात येते. ‘कवच’ हा शब्द कार्य सांगतो, ‘बाह्यकंकाल’ हा स्थान सांगतो. उत्पत्ती दोन्ही सांगत नाहीत. गोगलगायीचा शंख व खेकड्याचे कवच दोन्ही बाहेरच असतात. पण पहिला कडेने वाढत जातो, दुसरे टाकून द्यावे लागते. म्हणून वर्गात संज्ञा देताना तिच्याबरोबर वाढीची रीतही सांगितली पाहिजे. अन्यथा शास्त्राने कष्टाने वेगळे केलेले भाषा पुन्हा एकत्र करील.