औषधांसाठी प्राण्यांवर होणारे प्रयोग : नियम, नीती आणि रुग्णाच्या मनातले प्रश्न

“डॉक्टर, हे औषध प्राण्यांवर तपासलेले असते का?” हा प्रश्न ओपीडीत अधूनमधून येतो. कधी तो घरातल्या अहिंसेच्या संस्कारातून येतो, कधी पाळलेल्या कुत्र्याच्या मायेतून, तर कधी व्हॉट्सॲपवर आलेल्या एखाद्या व्हिडिओमुळे. सरळ उत्तर आहे, हो. आज वापरात असलेली जवळजवळ सगळी आधुनिक औषधे आणि लसी कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर प्राण्यांवर तपासल्या गेल्या आहेत. ‘क्रुएल्टी-फ्री’ हा शिक्का तुम्ही शाम्पूवर किंवा क्रीमवर पाहिला असेल. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे, पण औषधांना ती लागू नाही.

मधुमेहाचे रुग्ण सिरिंजवर जे ‘युनिट’ मोजतात, त्याचेच उदाहरण घ्या. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांचे स्वादुपिंड काढून त्यांना मधुमेह घडवला आणि मग स्वादुपिंडाच्या अर्काने त्यांची साखर खाली आणून दाखवली. त्यात अनेक कुत्री दगावली. जानेवारी १९२२ मध्ये हा अर्क मरणपंथाला लागलेल्या १४ वर्षांच्या एका मुलाला दिला गेला आणि शुद्ध केलेल्या पुढच्या डोसांनी तो सावरला. इन्सुलिनचे युनिटही सुरुवातीला उपाशी सशाच्या रक्तातील साखर किती उतरते यावरून ठरले. हा हिशेब सोपा नाही. जे झाले ते नाकारून चालत नाही, आणि आजही तसेच करावे असाही त्याचा अर्थ होत नाही. (आजचे इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टमध्ये तयार होते, डुकराच्या किंवा गाईच्या स्वादुपिंडातून काढलेले नसते. ही शंका असल्यास इन्सुलिन टाळू नका.)

पोटातली चौदा इंजेक्शने

कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. ती लस मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूपासून बनत असे. त्यासाठी मेंढ्या जात, आणि लसीतल्या मेंदूच्या पेशींमुळे काही रुग्णांना लकवा किंवा मेंदूला सूज असे गंभीर त्रास होत. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आताची रेबीजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते, दंडात दिली जाते आणि कितीतरी सुरक्षित आहे. इथे मेंढी आणि माणूस दोघांचेही भले एकाच बदलाने झाले. प्राण्यांची बाजू घेणे म्हणजे रुग्णांच्या विरोधात जाणे, असा समज असलेल्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

परवानगी कोण देते?

मेडिकल कॉलेजात किंवा विद्यापीठात कुणालाही मनाला येईल तसा उंदरावर प्रयोग करता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा संशोधनाला मुभा देतो, पण अटींसह. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी वापरायचा नाही. पुस्तक, मॉडेल किंवा फिल्मने काम होत असेल तर प्रयोग टाळायचा. शस्त्रक्रिया भूल देऊनच करायची. केवळ हात बसावा म्हणून प्राण्यावर सराव करायचा नाही. शुद्धीवर आल्यावर प्राण्याला तीव्र यातना होणार असतील, तर भुलीत असतानाच त्याचे जीवन संपवायचे.

यावर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे, आणि प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राणी नीती समिती असते. तिच्यात पशुवैद्य, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ, विज्ञानाबाहेरची एक व्यक्ती आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असावा लागतो. उंदीर, ससे यांच्या प्रयोगांना ही समिती परवानगी देऊ शकते. कुत्री, माकडे अशा मोठ्या प्राण्यांसाठी प्रस्ताव केंद्राकडे जातो. किती प्राणी लागणार, तेवढेच का, वेदना कशी कमी करणार, शेवटी प्राण्यांचे काय होणार, हे संशोधकाने अर्जात लिहून द्यायचे असते.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात ती किती चालते, हे बैठकीत कोण तोंड उघडते यावर अवलंबून असते. माझ्या मते तिथे विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ‘प्राणी किती?’ हा नसून ‘यातून नवे काय कळणार?’ हा आहे. केवळ प्रबंध पुरा व्हावा म्हणून, आधीच उत्तर ठाऊक असलेला प्रयोग पुन्हा केला, तर सहा उंदीरही फार झाले. उलट खरोखर गरजेच्या प्रयोगात वीस लागत असताना आठच वापरले, तर निष्कर्ष काहीच निघत नाही आणि ते आठही फुकट जातात.

प्राण्याला कसे हाताळले यावरही निकाल बदलतो. ब्रिटनमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की शेपटीला धरून उचललेले उंदीर जास्त घाबरलेले असतात. ओंजळीत किंवा छोट्या नळीतून उचलले तर ते बरेच शांत राहतात. घाबरलेल्या उंदरावर काढलेला निष्कर्ष औषधाचा आहे की भीतीचा, हे कसे सांगणार?

उंदीर बरा झाला, म्हणजे मी बरा होईन का?

तसे समजू नका. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ पुढे बाद होतात. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन १४१२ नावाचे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले. माकडांना त्याच्या ५०० पट डोस सहन झाला होता, तरीही या सहाही जणांचे अवयव काही तासांत निकामी होऊ लागले. अतिदक्षता विभागातील उपचारांनी सगळे वाचले. औषध ज्या रेणूला चिकटते, तो माकडांच्या काही प्रतिकारपेशींवर नसतो, हे नंतर उलगडले.

म्हणून ‘उंदरांमध्ये कॅन्सर नाहीसा झाला’ अशी बातमी वाचून चालू असलेली केमोथेरपी थांबवू नका, किंवा ते औषध मिळवण्यासाठी घरदार विकायला निघू नका. माणसांवर चाचणी झाली आहे का, किती जणांवर, कोणत्या टप्प्याची, एवढे आधी पाहा. बातमीत माणसांचा आकडा नसेल, तर ती बातमी सध्या तुमच्या उपचारांसाठी उपयोगाची नाही.

प्राण्यांना पर्याय शोधणे सुरू आहे. भारताने मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशी, चिपवरचे अवयव, संगणकी मॉडेल अशा पद्धतींना मान्यता दिली. पण सगळीकडे पर्याय तयार नाहीत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरचे प्रतिविष आजही घोड्यांच्या रक्तातून मिळते आणि त्याची ताकद उंदरांवर तपासली जाते. ती चाचणी क्रूर आहे, यात शंका नाही. शेतात साप चावलेल्या माणसाला मात्र आज तेच प्रतिविष वाचवते. तिथे वेळ न घालवता ते घ्यावे.

तुम्हाला किंवा घरच्या कुणाला औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याबद्दल विचारले गेले, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा : हे औषध कोणत्या प्राण्यांवर तपासले, त्यांना कोणता अपाय झाला, आणि माणसासाठीचा पहिला डोस कशावरून ठरवला. हे विचारणे तुमचा हक्क आहे. उत्तर मराठीत, तुम्हाला कळेल असे मागा. ते मिळेपर्यंत सही केली नाही, म्हणून तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.