उत्तरेस गेलेला भिक्षुक

1758 साली मराठी फौजा अटकेस पोहोचल्या, हे शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावच्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु फौजेवाचून, केवळ दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेस गेलेल्या एका भिक्षुकाची ओळख किती घरांत असेल?

वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडावे म्हणून 1857 साली चुलत्यांसह निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता होती. महूच्या सुमारास येतात तो बंडाची बातमी! तरीही ते माघारी फिरले नाहीत, आणि 1858 च्या वेढ्यात झाशीतच सापडले. शहर पडल्यावरची लूट व कत्तल त्यांनी जीव मुठीत धरून पाहिली; जवळचा पैसाही गेला. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात सेनापतींच्या मसलतींहून तहान, भीती व उपाशी पोट यांचाच हिशेब आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. चिंतामणराव वैद्यांनी तो 1907 साली छापला, तोही फेरफार करून. इंग्रजी अमलाचा धाक, दुसरे काय? मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली प्रसिद्ध केला.

परतताना विष्णुभटांच्या गाठीस फारसे धन नव्हते. खांद्यावर गंगेची कावड होती. तिच्या पाण्याने त्यांनी आईबापांस स्नान घातले.